वटवाघळाची लाळग्रंथी: साधा सूक्ष्मदर्शक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक?

साध्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी ऊती फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवून, मेणात बसवून ४-५ मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. जंगलातल्या कामाला हेच सोयीचे. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांच्या जोडीने रंगवले की गडद, गोल केंद्रकाच्या सीरस (पातळ, प्रथिनयुक्त स्राव देणाऱ्या) पेशी आणि फिकट, तळाशी चपटे केंद्रक असलेल्या श्लेष्मल (चिकट स्राव देणाऱ्या) पेशी लगेच ओळखू येतात. अल्शियन ब्लू या रंगाने आम्लधर्मी श्लेष्मा निळा होतो. संपूर्ण ग्रंथीची मांडणी एका नजरेत दिसते, ही याची मोठी ताकद.

पण ०.२ मायक्रोमीटरच्या खालचे काही वेगळे दिसत नाही. वटवाघळांत नेमकी तिथेच गंमत आहे! टँडलर आणि फिलिप्स या संशोधकांनी कितीतरी जातींच्या लाळग्रंथी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि स्रावी कणांची (पेशीत साठवलेल्या स्रावाच्या बारीक थैल्यांची) आतली रचना जातीजातीत निराळी निघाली. साध्या भिंगाला ते सगळे सारखेच ठिपके. लाळ वाहून नेणाऱ्या रेषांकित नलिकांचेही तसेच: साध्या कापात उभ्या रेषा दिसतात, पण त्या म्हणजे पेशीपटलाच्या खोल घड्या आणि त्यांत दाटलेली मायटोकॉन्ड्रिया, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. लाळेतले सोडियम परत शोषण्याचे काम याच यंत्रणेचे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची अट मात्र कडक. तुकडे जेमतेम १ मिलिमीटरचे हवेत आणि प्राणी मरताच ग्लुटराल्डिहाइडमध्ये (बारीक रचना टिकवणाऱ्या रसायनात) गेले पाहिजेत. संग्रहालयातल्या जुन्या फॉर्मॅलिनच्या नमुन्यांत पेशीपटले बहुधा फाटलेली असतात.

पेशींचे प्रकार आणि प्रमाण हवे असेल तर साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. दोन जातींची तुलना करायची असेल, तर माझे मत ठामपणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला.