फॉन्डंटचा जोड: जिरवायचा, भरायचा की झाकायचा?

उंच केकवर फॉन्डंट (केकवर चढवायचा साखरेचा लाटलेला थर) एकाच तुकड्यात चढवला की खाली घड्या पडतात. म्हणून बरेच जण वरची चकती आणि बाजूची पट्टी वेगळी लावतात. ८ इंची गोल केकचा घेर साधारण २५ इंच, गनाश (फॉन्डंटखाली लावलेला चॉकलेट-क्रीमचा थर) धरून थोडा जास्त. पट्टी २७ इंचांची लाटा. मागे एक उभा जोड येणारच.

लपवण्याआधी तो नीट कापा. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून धारदार पात्याने दोन्ही थर एकदमच कापायचे आणि वरचा-खालचा जादा तुकडा काढून टाकायचा. कडा बरोबर भिडतात आणि निम्मं काम इथेच होतं.

आता पहिला पर्याय, बोटाने जिरवणं. बोटाला नावापुरता डालडा लावून जोडावर गोल गोल हलकं चोळायचं, वरून स्मूदर (फॉन्डंट गुळगुळीत करायची सपाट पट्टी) फिरवायचा. काहीही मिसळावं लागत नाही, म्हणून रंग जुळवण्याचा प्रश्नच नाही. पण फॉन्डंट मऊ आहे तोवरच हे जमतं. पंख्याखाली वरची साय धरली की चोळल्यावर बारीक भेगा दिसू लागतात. शिवाय आत घट्ट गनाश हवं. व्हिप्ड क्रीमवर दाबलं तर खड्डा पडतो.

दुसरा पर्याय, त्याच फॉन्डंटची लापशी. लहानसा तुकडा थेंब थेंब पाण्यात कालवून टूथपेस्टइतका दाट करायचा, फटीत भरायचा आणि जादा माल जेमतेम ओल्या ब्रशने पुसायचा. दुसऱ्या दिवशी फट उघडली तर मला हाच आधार. मात्र पाणी जास्त झालं की साखर विरघळते आणि तेवढाच पट्टा चकाकतो. पावसाळ्यात तर ही लापशी तासन्‌तास चिकट राहते. पांढऱ्या केकवर काही जण रॉयल आयसिंग (वाळून कडक होणारं साखरेचं मिश्रण) भरतात. ते पक्कं बसतं, पण नेहमीच्या कृतीत अंड्याचा पांढरा भाग असतो. ऑर्डर एगलेस असेल तर ते बादच.

तिसरा पर्याय झाकण्याचा: मण्यांची माळ, वेल, फुलं. याला काही लोक कामचुकारपणा म्हणतात. मी म्हणत नाही. एकदा मरून केकचा जोड चोळून चोळून मी गुळगुळीत केला आणि लाटताना लागलेला कॉर्नफ्लोअर त्यावर पांढुरका पसरला. शेवटी त्यावर वेल चढवलीच, फक्त अर्धा तास वाया घालवून. काळा, लाल, मरून असे गडद रंग असतील तर मी आता जोड सरळ झाकते. सॅटिनची रिबिन मात्र केकला थेट लावू नका, तिच्यावर तेलकट डाग उमटतात. फॉन्डंटचीच पट्टी कापा.

पांढरा किंवा फिका केक, जोड आत्ताच लावलेला: चोळा. काही तास उलटलेत: लापशी. ग्राहकाला अगदी कोरा, एकरंगी केक हवा असेल तर झाकायला जागाच नाही. तेव्हा जोड मागे वळवा आणि बोर्डवर केक ठेवतानाच पुढची बाजू खुणेने ठरवून घ्या. वरच्या कडेचा जोड मात्र चारी बाजूंनी दिसतो, तिथे मी बारीक मण्यांचीच किनार देते.

आणि जोड भरलेला केक जुलैत उघडाच फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच त्याला घाम फुटतो आणि लापशी भरलेली रेघ सगळ्यात आधी ओली होते. खोक्यात बंद करून ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर खोकं उघडू नका.