केअरटेकर एजन्सी, निवासी संस्था आणि शर्टाची बटणे: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

अनामत रकमेतून पंधरा दिवसांचा पगार कापून घेतल्याचा निरोप केअरटेकर एजन्सीकडून गेल्या आठवड्यात आला, आणि त्यामुळेच हे सविस्तर लिहीत आहे. बारा तासांची पाळी, आगाऊ पगार, परत न मिळणारे नोंदणी शुल्क या अटी लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंत जवळपास सारख्याच असल्याने त्या पुन्हा सांगत नाही. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, त्याला फिट येतात, तिशी ओलांडली आहे, आणि आईचे गुडघे आता त्याच्यामागे धावण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत, म्हणून त्याच्यासाठी एजन्सीकडून माणूस घेतला होता.

एजन्सीच्या बाजूने बोलायचे तर माणूस वेळेवर येत असे, हात स्वच्छ ठेवत असे आणि फिटच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. फिट आल्यावर नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचे आणि घड्याळ पाहायचे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. आमच्याकडच्या निम्म्या पाहुण्यांना ते अजून पटलेले नाही. माझी तक्रार एकच आहे आणि ती शर्टाच्या बटणांची आहे.

मराठवाड्यातल्या अनेक पालकांप्रमाणे आम्हीही भावाला लहानपणी सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत नेले होते. १९८४ साली सुरू झालेली ही संस्था आम्हाला मुंबईपेक्षा जवळची. तिथे सांगितलेली पद्धत इथल्या विशेष शिक्षिकेने पुढे चालवली: कामाचे बारीक टप्पे पाडायचे आणि शेवटचा टप्पा आधी शिकवायचा. बटण काजातून अर्धे बाहेर काढून द्यायचे आणि उरलेले त्याने चिमटीत धरून ओढायचे. ते जमले की बटण काजाच्या तोंडाशी आणून सोडायचे. सुरुवात खालच्या बटणापासून, कारण ते त्याला दिसते; गळ्याजवळचे बटण दिसत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी. या एका कामाला आमच्या घरात दोन दिवाळ्या गेल्या आणि त्यानंतर भाऊ स्वतःचा शर्ट स्वतः घालू लागला. एजन्सीच्या माणसाने तोच शर्ट रोज सकाळी अर्ध्या मिनिटात चढवायला सुरुवात केली. पावसाळा संपेपर्यंत भाऊ अंघोळ झाली की दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहू लागला, आणि शर्ट हातात दिला तर तो आपल्याला नव्हेच अशा चेहऱ्याने त्याच्याकडे पाहू लागला.

व्यवस्थापकांकडे हे मांडले तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, पेशंटला त्रास नको म्हणूनच आम्ही सगळं करतो.’ सगळा घोटाळा या वाक्यात आहे. या एजन्सींची माणसे पक्षाघात झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी तयार केलेली असतात आणि तिथे सगळे आपण करणे हीच चांगली सेवा असते. विकासात्मक अपंगत्व असलेल्या, म्हणजे माझ्या भावासारख्या प्रौढाच्या बाबतीत मात्र माणूस जितके कमी करील तितकी त्याची सेवा चांगली म्हणायची. हात मागे बांधून शेजारी उभे राहायचे, चुकले तर थांबायचे, अगदीच अडले तर बोट लावायचे. विशेष शाळांत वापरल्या जाणाऱ्या मद्रास विकास कार्यक्रम पद्धतीच्या तक्त्यात १८ क्षेत्रांतील ३६० कौशल्ये आहेत आणि ‘आज कोणते काम तो स्वतः करतो’ एवढेच त्यात पाहिले जाते. एजन्सीच्या रोजच्या नोंदवहीत मात्र ‘अंघोळ घातली, कपडे घातले, जेवण भरवले’ असे तीन रकाने होते. माझा भाऊ स्वतःच्या हाताने जेवतो. तरीही तिसऱ्या रकान्यात रोज बरोबरची खूण होती.

महिना सोळा हजार रुपये मोजून येत असलेले काम विसरायला लावायचे, हे माझ्यासारख्या चिकट माणसाच्या पचनी पडणे शक्य नव्हते. राष्ट्रीय न्यास या, अशा दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचे विमा संरक्षण आहे, परंतु ते दवाखाना, औषधे आणि थेरपी यांसाठी. केअरटेकरचा पगार त्यात बसत नाही. तो खर्च आपलाच, त्यामुळे त्याचा हिशेब विचारण्याचा अधिकारही आपलाच.

मधल्या काळात आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आणि भावाला काही आठवडे एका निवासी संस्थेत ठेवावे लागले. प्रवेशाच्या वेळी पालकत्वाचे प्रमाणपत्र मागितले गेले. ज्यांनी ते काढलेले नाही त्यांनी आधी त्यामागे लागावे: मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आमच्याकडे ते तयार होते म्हणून प्रवेश त्याच दिवशी झाला.

संस्थेविषयी माझी अपेक्षा फार कमी होती आणि पहिल्या भेटीत ती खरी ठरल्यासारखी वाटली. सगळ्यांच्या अंगात टी-शर्ट आणि इलॅस्टिकच्या पँट, म्हणजे बटण नावाची वस्तूच तिथे अस्तित्वात नव्हती. मी सोबत दिलेले शर्ट धुलाईत इतरांच्या अंगावर गेले, याची चीड अजून गेलेली नाही. परंतु दुसऱ्या भेटीला भाऊ पंगतीत वरण वाढत होता. घरी त्याने कधी डाव हातात धरला नव्हता. वाढपातल्या मावशी म्हणाल्या, ‘आम्ही दोघी अन् पोरं इतकी, त्यांनीच नाही वाढलं तर जेवायचं कधी?’ माणसे कमी असल्यामुळे तिथे प्रत्येकाला काहीतरी करावेच लागत होते. याचा अर्थ कमी कर्मचारी ही चांगली गोष्ट असा कोणी काढू नये. रात्रीच्या पाळीला एकच माणूस असणे, तेही फिट येणाऱ्या मुलांसाठी, मला आजही धोक्याचे वाटते आणि मी ते लेखी कळवले आहे. तरीही निवासी संस्था म्हणजे कोंडवाडा हे माझे मत मी मागे घेतले आहे.

घरी परतल्यावर त्याच एजन्सीकडून दुसरे केअरटेकर आले; त्यांना आम्ही मामा म्हणतो. हे निलंग्याकडचे, पूर्वी शेतात सालगडी होते आणि कसलेही प्रशिक्षण झालेले नव्हते. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितले की शर्टाला अर्धा तास लागला तरी चालेल, तेवढा वेळ तुम्ही चहा प्या. ते खरोखर चहा पीत बसले आणि महिनाभरात खालची तीन बटणे परत आली. एजन्सीविषयीचा माझा राग तेव्हा बराच निवळला होता. मग ‘चोवीस तासांत बदली माणूस’ या त्यांच्या जाहिरातीतल्या सोयीनुसार, आम्हाला न विचारता, मामांना एका पक्षाघाताच्या रुग्णाकडे पाठवण्यात आले आणि आमच्याकडे तिसराच माणूस उभा राहिला. ज्याला अंगाला हात लावू देण्याइतका विश्वास बसायला आठवडे लागतात, त्याच्यासाठी ही सोय नसून शिक्षा आहे. मी सेवा बंद केली आणि अनामतीचा वाद तिथून सुरू झाला.

सध्या मामा थेट आमच्याकडे येतात. करारपत्रात दोन वाक्ये माझ्या हस्ताक्षरात घातली आहेत: कपडे घालून द्यायचे नाहीत, आणि बदली माणूस आधी दोन दिवस मामांबरोबर येऊन बसेल. नोंदवहीचे रकाने बदलून ‘स्वतः केले’, ‘सांगितल्यावर केले’, ‘हात लावावा लागला’ असे केले आहेत. अनामतीसाठी ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. रक्कम आठ हजार आहे आणि ती सोडण्याचा माझा विचार नाही.