‘हमखास प्रश्नां’चा संच आणि त्यातील खोट्या सिद्धता : थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनची तयारी करणाऱ्यांसाठी

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे यंत्राला कोणते प्रश्न सोडवता येतात आणि कोणते नाहीत याचा अभ्यास करणारा विषय. त्याच्या परीक्षेच्या तोंडावर ‘हमखास येणारे प्रश्न, संपूर्ण उत्तरांसह’ अशा नावाने विकल्या गेलेल्या एका संचात आमच्या वर्गातील अनेकांची फसवणूक झाली, आणि त्यांत मीही होतो. गेलेले पैसे हे यातील लहान नुकसान आहे. ज्यांनी तो संच विश्वासाने पाठ केला, त्यांच्या डोक्यात पूर्वी नसलेल्या चुका पक्क्या बसल्या, आणि त्या उपटून काढायला मूळ विषय शिकण्याइतकाच वेळ लागला. असाच संच इतरांनाही विकला जात असणार, म्हणून ही फसवणूक कशी रचली गेली आणि त्या उत्तरांत नेमके काय खोटे होते, हे सविस्तर लिहीत आहे.

विकणारी व्यक्ती स्वतःला अनुभवी परीक्षक म्हणवत असे. मात्र पूर्ण नाव किंवा कोणत्या संस्थेत शिकवते, हे तिने कधीच सांगितले नाही. नमुना म्हणून मिळालेली पाने निर्दोष होती. तीनने भाग जाणाऱ्या बायनरी संख्या ओळखणारा तीन स्टेटचा डीएफए त्यांत होता (डीएफए म्हणजे स्ट्रिंग, अर्थात अक्षरांची ओळ, एकेक अक्षर वाचत एका स्टेटमधून, म्हणजे स्थितीतून, दुसरीत जाणारे आणि शेवटी ती स्वीकारणारे किंवा नाकारणारे कागदावरचे यंत्र; त्यात प्रत्येक स्टेटमधून प्रत्येक अक्षरासाठी नेमका एकच बाण निघतो), तसेच काही प्रश्न कोणत्याही यंत्राला सोडवता येत नाहीत हे दाखवणाऱ्या, गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या शोधनिबंधामागील युक्तिवादाचा नेटका सारांश होता. ही पाने एका प्रचलित पाठ्यपुस्तकातून जशीच्या तशी उचललेली आहेत, हे नंतर लक्षात आले. पैसे दिल्यावर मिळालेल्या उरलेल्या पानांचा दर्जा अगदी वेगळा होता, आणि ते आधी कळण्याचा कोणताही मार्ग विक्रेत्याने ठेवला नव्हता.

सर्वांत जास्त प्रभाव पडला तो ‘भाकिता’च्या पुराव्याचा. मागील परीक्षेची प्रश्नपत्रिका आणि तिच्या आधीची तारीख असलेली संचाची फाइल शेजारी शेजारी ठेवून, बहुतेक प्रश्न संचातलेच आले होते, असे दाखवले जाई. फाइलवरची तारीख कोणालाही आपल्या संगणकावर हवी तशी बदलता येते, हे तर आहेच; परंतु तारीख खरी असती तरी या पुराव्याला काही अर्थ नव्हता. या विषयाचा गाभा अनेक दशकांपासून ठरलेला आहे. चॉम्स्की यांची व्याकरणांची श्रेणी १९५६ पासूनची, एनएफएचे (एकाच अक्षरासाठी अनेक बाण चालणाऱ्या यंत्राचे) डीएफएत रूपांतर करण्याची रेबिन आणि स्कॉट यांची पद्धत १९५९ ची, प्रश्नांच्या अवघडपणाविषयीचा कुक यांचा सिद्धांत १९७१ चा. एखादी भाषा (म्हणजे स्ट्रिंगचा संच) रेग्युलर नाही, म्हणजे तिच्यासाठी डीएफए बनवता येत नाही, हे दाखवा, व्याकरण संदिग्ध आहे का ते सांगा, अमुक प्रश्न अनिर्णेय आहे, म्हणजे तो नेहमी अचूक सोडवणारा प्रोग्राम असूच शकत नाही, हे सिद्ध करा, या धर्तीचे प्रश्न प्रत्येक परीक्षेत असतातच. तेव्हा ‘पंपिंग लेमावर (भाषा रेग्युलर नाही हे दाखवण्याच्या साधनावर) प्रश्न येईल’ हे भाकीत अभ्यासक्रम वाचलेल्या कोणालाही करता येते. गुण मिळतात ते समोर आलेल्या विशिष्ट भाषेसाठी मांडलेल्या युक्तिवादाला, आणि तो कोणत्याही यादीतून मिळत नाही.

आता उत्तरांविषयी. पहिली चूक आमच्या एका मैत्रिणीने पकडली. ज्या बायनरी स्ट्रिंगमध्ये शेवटून तिसरे अक्षर १ आहे, अशा स्ट्रिंगची भाषा ओळखणारा डीएफए काढा, असा प्रश्न होता आणि उत्तरात चार स्टेटची आकृती दिली होती. त्या आकृतीत सुरुवातीच्या स्टेटमधून १ या अक्षरासाठी दोन बाण निघत होते. म्हणजे तो एनएफए होता आणि त्यावर फक्त डीएफए असे नाव घातले होते. चार स्टेटचा डीएफए या भाषेसाठी असूच शकत नाही, आणि त्याचे कारण दोन ओळींत सांगता येते. तीन अक्षरांच्या बायनरी स्ट्रिंग आठ आहेत. स्टेट आठांपेक्षा कमी असतील, तर त्यांतील कोणत्या तरी दोन स्ट्रिंग यंत्राला एकाच स्टेटमध्ये आणून सोडतील. त्या दोन स्ट्रिंग ज्या जागी वेगळ्या आहेत, ती जागा शेवटून तिसरी होईल इतकी अक्षरे दोन्हींना सारखीच जोडा. आता एक स्वीकारायला हवी आणि दुसरी नाकारायला हवी, पण यंत्र दोन्हींना एकच उत्तर देईल. म्हणून किमान आठ स्टेट लागतात. हा युक्तिवाद परीक्षेत लिहिला तर त्याला पूर्ण गुण मिळावेत इतका तो सुंदर आहे, आणि संचात त्याचा मागमूसही नव्हता.

पंपिंग लेमाची उत्तरे याहून घातक होती, कारण ती दिसायला अगदी शिस्तशीर होती. भाषा रेग्युलर असेल, तर एक अशी लांबी असते, की त्या लांबीच्या किंवा तिच्याहून मोठ्या, भाषेतील प्रत्येक स्ट्रिंगचे तीन तुकडे करता येतात. पहिले दोन तुकडे मिळून त्या लांबीच्या आत बसतात, मधला रिकामा नसतो, आणि मधला तुकडा कितीही वेळा लिहिला किंवा गाळला तरी स्ट्रिंग भाषेबाहेर जात नाही, असे हा लेमा सांगतो. भाषा रेग्युलर नाही हे दाखवताना लांबी आपण निवडायची नसते आणि तुकडेही आपण पाडायचे नसतात. स्ट्रिंग मात्र आपली, आणि मधला तुकडा किती वेळा लिहायचा हेही आपल्या हातात. संचातील प्रत्येक उत्तर ‘लांबी ४ मानू’ असे सुरू होई आणि सोयीचा एकच तुकडा पाडून तिथेच ‘म्हणून सिद्ध’ असे संपे. त्यात काहीही सिद्ध झालेले नसते. आणखी दोन उत्तरांत तर हाच लेमा एखादी भाषा रेग्युलर आहे हे दाखवण्यासाठी वापरला होता, जे मुळातच अशक्य आहे. आधी काही अ, मग काही ब, मग काही क (कोणतेही अक्षर शून्य वेळाही चालेल) अशा स्ट्रिंग घ्या आणि एकच अट ठेवा, की अ नेमका एक असेल तेव्हा ब आणि क यांची संख्या समान असावी. ही भाषा लेमाची अट पूर्ण करते, तरीही ती रेग्युलर नाही. लेमा एकाच दिशेने चालतो, हे समजण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरते.

रिडक्शनच्या, म्हणजे एका प्रश्नाचे दुसऱ्या प्रश्नात रूपांतर करण्याच्या, बाबतीतही दिशाच उलटी होती. दिलेला प्रश्न अनिर्णेय आहे हे दाखवण्यासाठी ‘हा प्रश्न हॉल्टिंग प्रॉब्लेममध्ये रूपांतरित करता येतो’ असे लिहून उत्तर पूर्ण केले होते (हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणजे दिलेला प्रोग्राम कधी थांबेल का, हा अनिर्णेय प्रश्न). हा युक्तिवाद ग्राह्य धरला, तर दिलेली संख्या सम आहे का, हा प्रश्नही अनिर्णेय ठरेल. कारण संख्या सम असेल तर थांबणारे आणि विषम असेल तर कायम फिरत राहणारे ट्युरिंग मशीन (संगणकाचे गणिती प्रारूप) बनवून तोही हॉल्टिंगमध्ये रूपांतरित करता येतोच. ज्याची अनिर्णेयता आधीच सिद्ध आहे, त्या प्रश्नापासून निघून नव्या प्रश्नाकडे यायला हवे. एका पानावर एनपी वर्गातील (ज्यांचे उत्तर हाती आल्यावर ते झटपट तपासता येते असे) प्रश्न पॉलिनॉमिअल वेळेत, म्हणजे व्यवहारात झटपट, सुटत नाहीत हे ‘सिद्ध झालेले’ आहे असे विधान होते, आणि अशा न सुटणाऱ्या प्रश्नांच्या यादीत संख्या मूळ आहे का, हा प्रश्नही होता. वास्तविक पी (पॉलिनॉमिअल वेळेत सुटणारे प्रश्न) आणि एनपी समान आहेत का, हा प्रश्न अजूनही खुला आहे. क्ले गणित संस्थेने २००० मध्ये जाहीर केलेल्या सात प्रश्नांत त्याचा समावेश आहे. आणि मूळ संख्या ओळखण्याची पॉलिनॉमिअल पद्धत तर अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्येच दिली.

ही फसवणूक नेमकी याच विषयात का साधते, यावर मी बराच विचार केला. चुकीचा प्रोग्राम चालवून पाहिला की तो बहुधा स्वतःच कुठेतरी अडतो. चुकीची सिद्धता अडत नाही. व्याख्या, चिन्हे, ‘समजा’ आणि ‘म्हणून’ यांची मांडणी बरोबर असली, की ती खऱ्या सिद्धतेसारखीच दिसते, आणि दोन्हींतला फरक ज्याला ओळखता येतो त्याला असा संच विकत घेण्याची गरजच नसते. जे विद्यार्थी मागे पडलेले असतात, ज्यांना विचारायला कोणी नसते, तेच याला बळी पडतात. मला सर्वांत जास्त चीड या गोष्टीची येते.

चुका लेखी कळवल्यावर विक्रेत्याने आधी ‘परीक्षेत हेच अपेक्षित असते’ असे उत्तर दिले. डीएफएच्या आकृतीतील दोन बाण दाखवून दिल्यावर ‘सुधारित आवृत्ती’ देऊ केली, पण तिचे पैसे वेगळे मागितले. पैसे परत मागणाऱ्यांना खरेदीदारांच्या गटातून काढून टाकले, आणि काही काळाने तो गटच नाहीसा झाला. खरेदीच्या वेळी ‘नोंदणीसाठी’ म्हणून काही जणांकडून परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रतही घेतली होती. त्या प्रतींचे पुढे काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अभ्याससाहित्य विकण्यासाठी प्रवेशपत्र लागण्याचे कोणतेही कारण नाही.

असा संच समोर आला, तर नमुन्याची पाने विक्रेत्याला निवडू देऊ नका. मधले कोणतेही एक पान आपण मागा. त्यातील प्रत्येक यंत्राला रिकामी स्ट्रिंग, एका अक्षराच्या आणि दोन अक्षरांच्या सर्व स्ट्रिंग हाताने देऊन पाहा. जेफ्लॅप या विनामूल्य साधनात यंत्र काढून स्ट्रिंग चालवता येतात, त्यामुळे हे काम काही मिनिटांत होते. अनिर्णेयतेचे उत्तर असेल, तर मी वर केले तसे त्यात एखादा सहज सुटणारा प्रश्न घालून पाहा. त्याच शब्दांत तोही अनिर्णेय ठरत असेल, तर उत्तर टाकाऊ आहे. विषय मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर मायकेल सिप्सर यांची याच विषयावरील व्याख्याने एमआयटी ओपनकोर्सवेअरवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

ज्यांनी आधीच पैसे दिले आहेत, त्यांनी विक्रेत्याशी वाद घालण्यापूर्वी सगळे संदेश, जाहिरात आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी, कारण गट बंद झाला की ते हाती लागत नाही. ज्या बँकेतून किंवा सेवेतून पैसे गेले तिथे लगेच तक्रार करावी. उशीर झाल्यास रक्कम अडवणे अवघड होते. प्रवेशपत्राची प्रत दिली असेल, तर परीक्षा विभागाला ते लेखी कळवून पोच घ्यावी. आणि तो संच पुढे कोणालाही, फुकटसुद्धा, देऊ नये; आमच्या वर्गात त्याच्या प्रती अशाच हातोहात पसरल्या, आणि एक पैसाही न दिलेल्या काही जणांनी परीक्षेत ‘लांबी ४ मानू’ असेच लिहिले.