माउंट मेरीबाहेरच्या रोझरी: कोणती घ्यावी?

बांद्र्याच्या माउंट मेरी बासिलिकेबाहेर मेणबत्त्यांच्या शेजारी रोझरींचे, म्हणजे कॅथलिक जपमाळांचे, झुबके टांगलेले असतात. काचेच्या माळा आधी डोळ्यांत भरतात, पण रोजच्या प्रार्थनेला नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेली लाकडी मण्यांचीच सरस. काचेची माळ तारेच्या कड्यांनी जोडलेली असते. कडीचं तोंड नीट मिटलेलं नसलं की ती खिशात अडकून उघडते, आणि बहुधा मधल्या पदकापाशीच, कारण तिन्ही बाजूंचा ताण तिथे येतो. ती फट नखाने चाचपून बघा.

मणीही मोजून घ्या. एकूण 59 हवेत: ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचे 53 आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेचे 6. दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या गटात, नऊच मणी निघाले तर प्रार्थनेचा हिशेब चुकतो. ‘बापा’चा मोठा मणी बोटांना वेगळा जाणवला पाहिजे, डोळे मिटून म्हणताना तोच आधार.

सोबतची घडीपत्रिका उघडून पाहा. जुन्या छपाईत 15च रहस्यं, म्हणजे माळ म्हणताना मनन करायचे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग, असतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये प्रकाशाची पाच सुचवली, ती गुरुवारी म्हणतात.

‘ब्लेस केलेली’ म्हणून जादा पैसे मागितले तर सरळ नकार द्या. आशीर्वादाची किंमत लावणं चर्चलाच मान्य नाही. मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांकडे माळ न्या, ते फुकट आशीर्वाद देतात. पुढे एखादा मणी बदलला तरी पुन्हा न्यावी लागत नाही.