आईला दोन वर्तुळे दिसली पाहिजेत : ‘सिग्नल’च्या पाच वर्षांच्या वापरानंतर

आमच्या घरचा गट जानेवारी २०२१ मध्ये आम्ही व्हॉट्सॲपवरून ‘सिग्नल’ या निरोपांच्या ॲपवर हलवला. व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून तेव्हा घरोघरी चर्चा चालू होती, ईलॉन मस्क यांनी ७ जानेवारीला ‘सिग्नल वापरा’ एवढेच लिहिले होते आणि भारतासह अनेक देशांतून लोकांची रीघ लागली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, ही सेवा जगभर ठप्प झाली आणि ती पूर्ववत व्हायला जवळजवळ एक दिवस लागला. आठवडाभर रोज नवे सर्व्हर जोडत होतो, तरी आलेली गर्दी आमच्या सगळ्या अंदाजांपलीकडची निघाली, असे सिग्नलने उघडपणे सांगितले. काही संभाषणांत त्रुटीच्या सूचना दिसतील, त्याने सुरक्षिततेला बाध येत नाही आणि पुढच्या अपडेटमध्ये त्या आपोआप दुरुस्त होतील, हेही कळवले. इतक्या मोठ्या प्रमाणावर सेवा बंद पडणे आजतागायत फार थोड्या वेळा झाले आहे, आणि म्हणूनच मी ती इतरांना सुचवतो.

सेवा भरवशाची आहे की नाही, याची आमच्या घरातली कसोटी साधी आहे. निरोप पाठवला की त्याच्याखाली आधी तुटक वर्तुळ दिसते, सर्व्हरपर्यंत गेला की बरोबरच्या खुणेचे एक वर्तुळ येते, समोरच्याच्या फोनवर पोचला की दोन येतात आणि त्याने वाचला की ती दोन्ही भरीव होतात. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो. आई त्याला रात्री औषधाच्या पट्टीचा फोटो पाठवते आणि दोन वर्तुळे दिसल्याशिवाय फोन खाली ठेवत नाही. गावाकडे वीज गेली की टॉवरही मान टाकतो. अशा वेळी तुटक वर्तुळ बराच वेळ तसेच राहते, मात्र रेंज आल्यावर निरोप दुसऱ्यांदा न पाठवता आपोआप निघून जातो, हा अनुभव आम्ही कितीदा तरी घेतला आहे. सूचना उशिरा येत असतील तर आधी फोनमधली बॅटरी वाचवण्याची सेटिंग तपासावी. माझ्या जुन्या फोनमध्ये तीच आड येत होती आणि मी उगाच ॲपला दोष देत होतो.

हा भरवसा टिकवायला काय खर्च येतो, ते सिग्नलने नोव्हेंबर २०२३ मध्ये आकड्यांनिशी मांडले. माझ्या मते या क्षेत्रात इतका प्रामाणिक हिशेब विरळाच. सर्व्हर, साठवण, बँडविड्थ (म्हणजे माहितीची ने-आण) वगैरे पायाभूत गोष्टींचा वर्षाचा खर्च सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर आहे आणि त्यातले तब्बल ६० लाख नोंदणीच्या वेळी फोनवर जो कोड येतो त्या एसएमएसवर जातात. म्हणजे गर्दी वाढली की पहिला भार दारातच पडतो. सर्व्हरचा खर्च २९ लाख आणि बँडविड्थचा २८ लाख डॉलरच्या आसपास. बँडविड्थच्या खर्चातला मोठा वाटा आवाजाच्या आणि व्हिडिओ कॉलचा. ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, जाहिराती घेत नाही आणि देणग्यांवर उभी आहे. व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी २०१८ मध्ये दिलेल्या ५ कोटी डॉलरमधून तिचे फाउंडेशन उभे राहिले.

उणिवाही सांगायला हव्यात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत (म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या सेवेत) मोठा बिघाड झाला आणि सिग्नललाही त्याची झळ बसली. जगभर विनाविलंब कॉल पोचवण्याइतकी यंत्रणा मोजक्याच कंपन्यांकडे आहे, हे सिग्नलच्या अध्यक्ष मेरेडिथ व्हिटेकर यांचे म्हणणे मला पटते, तरीही एवढ्या आपुलकीच्या सेवेचा पाया दुसऱ्याच्या जागेत असावा, याची रुखरुख वाटते.

दुसरी उणीव इतिहासाची होती. निरोप पोचला की तो सर्व्हरवर राहत नाही, त्यामुळे फोन हरवला तर जुनी संभाषणेही जात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नलने सुरक्षित बॅकअपची सोय सुरू केली. तीत मजकूर आणि गेल्या ४५ दिवसांतले फोटो-व्हिडिओ विनामूल्य राहतात, अधिक हवे असेल तर महिन्याला १.९९ डॉलर द्यावे लागतात. मात्र बॅकअप उघडायला ६४ अक्षरांची एक किल्ली लागते आणि ती हरवली तर सिग्नलवालेही काही करू शकत नाहीत. आईची किल्ली मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटच्या पानावर, चार-चार अक्षरे सुटी करून लिहून ठेवली आहे.