क्यूजीआयएस: उपग्रहचित्रावर समोच्च रेषा बसवण्याच्या कामापुरते परीक्षण

पाणलोटाचा आराखडा करणाऱ्याला एकाच नकाशात दोन गोष्टी हव्या असतात. शिवार आज कसे दिसते, हे उपग्रहचित्रातून कळते आणि पाणी कोणीकडे उतरते, हे समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत नालाबांध, सलग समतल चर किंवा शेततळ्यांच्या जागा सुचवण्याच्या कामासाठी या दोन गोष्टी एकमेकींवर बसवायला मी क्यूजीआयएस ही नकाशे हाताळणारी संगणकप्रणाली नियमितपणे वापरतो, आणि हे परीक्षण तेवढ्याच कामापुरते आहे. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये ‘क्वांटम जीआयएस’ या नावाने सुरू केलेली ही मुक्त प्रणाली पूर्णपणे मोफत असून ती विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते.

समोच्च रेषा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या टोपोशीटचा, म्हणजे स्थलदर्शक नकाशाचा; धुळे शहर 46 एल या नकाशागटात येते, तर नंदुरबार आणि तोरणमाळ 46 के मध्ये. दुसरा मार्ग उंचीच्या अंकीय प्रतिमानातून, म्हणजे जमिनीची चौकोनी घरे पाडून प्रत्येक घराची उंची नोंदलेल्या फाइलमधून, रेषा काढून घेण्याचा. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानाने केलेल्या रडार मोजणीचे, म्हणजे एसआरटीएमचे, 30 मीटर घराचे प्रतिमान मोफत मिळते. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या चित्रांवरून केलेले प्रतिमानही आहे. रास्टर मेनूतील ‘कंटूर’ या आज्ञेला दोन रेषांतील उंचीचे अंतर सांगितले, की रेषांचा थर काही क्षणांत तयार होतो.

पारदर्शकतेचा प्रश्न टोपोशीटच्या बाबतीत खरा जाणवतो. स्कॅन केलेला कागद पांढरा आणि अपारदर्शक असल्यामुळे तो चित्रावर ठेवताच खालचे सर्व झाकून टाकतो, आणि नवशिका माणूस सरळ ‘ओपॅसिटी’ची (अपारदर्शकतेची) पट्टी निम्म्यावर आणतो. त्याने कागद फिका होतो खरा, पण रेषाही तितक्याच फिक्या होतात आणि चित्रावर दुधाळ पडदा चढतो तो वेगळाच. गूगल अर्थ प्रोमध्ये चित्र वर चढवताना ही एक पट्टीच हाती असते, त्यामुळे तिथे यापलीकडे जाता येत नाही. क्यूजीआयएसचे मोठेपण मला इथे दिसते. थराच्या गुणधर्मांत ‘ब्लेंडिंग मोड’ आहे. तो ‘मल्टिप्लाय’ केला, की वरच्या थरातील पांढरा रंग नाहीसा होतो आणि गडद रेषा, आकडे, नाल्यांची निळी वळणे पूर्ण ठळकपणे चित्रावर उतरतात. पांढऱ्या रंगाचे मूल्य देऊन तो पारदर्शक करण्याची सोयही आहे, परंतु जेपीजी स्कॅनमध्ये कागदाचा पांढरा कोठेच शुद्ध 255, म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या मूल्याचा, नसतो. प्रत्येक रेषेभोवती करडट कणांची किनार उरते आणि नकाशा मळका दिसतो. म्हणून टोपोशीटसाठी मल्टिप्लाय हाच मार्ग मी धरतो.

अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. मार्च-एप्रिलमध्ये तापीकाठची नांगरलेली काळी जमीन आणि पानगळ झालेला सातपुडा उपग्रहचित्रात इतका गडद दिसतो, की त्यावर टोपोशीटच्या तपकिरी रेषा बुडून जातात. अशा वेळी प्रतिमानातून काढलेल्या रेषा पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या रंगात दाखवणे उत्तम. या रेषा सदिश (व्हेक्टर), म्हणजे चित्राऐवजी बिंदूंच्या निर्देशांकांतून आखलेल्या, असल्यामुळे त्यांना मागचा कागदच नसतो. दर शंभर मीटरची रेषा जाड करण्यासाठी नियमाधारित चिन्हांकनात उंचीला शंभराने भागून बाकी शून्य येते का, एवढी एक अट लिहावी लागते. आकड्यांभोवती बारीक किनार दिली, की ते जंगलावरही वाचता येतात.

आता चित्र जागेवर बसवण्याविषयी, कारण सर्वाधिक घोटाळा तिथे होतो आणि प्रणाली त्याबाबत फारसे सावध करत नाही. टोपोशीट 15 मिनिटे बाय 15 मिनिटांचा असतो आणि त्यावर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांश आखलेले असतात, म्हणून ‘जिओरेफरन्सर’ या चित्र जागेवर बसवणाऱ्या साधनात देण्यासारखे छेदबिंदू आयतेच मिळतात. चित्र बसवण्याच्या गणितात पहिल्या घाताच्या बहुपदीला किमान तीन, दुसऱ्याला सहा आणि तिसऱ्याला दहा बिंदू लागतात. फक्त तेवढेच बिंदू दिले, तर चूक शून्य दाखवली जाते. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही लवचिक पद्धत निवडल्यास बिंदू कितीही असले, तरी चित्र प्रत्येक बिंदूतून ओढून नेले जात असल्यामुळे चूक शून्यच दिसते. या शून्यावर विसंबू नये. घडी पडलेल्या कागदावर दोन मिलिमीटरचा सुरकुता म्हणजे जमिनीवर शंभर मीटर, आणि कोरडवाहू शिवारात तेवढ्यात दोन गट नंबर बदलतात. मी चारही कोपरे आणि आतले जमतील तेवढे छेदबिंदू देऊन पहिल्या घाताची बहुपदीच वापरतो आणि उरलेली चूक बिंदूगणिक तपासतो.

त्याहून फसवा प्रकार संदर्भप्रणालीचा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गणिती आकारावर मोजले आहेत याचा, आहे. जुने टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले आहेत, तर उपग्रहचित्रे डब्ल्यूजीएस 84 वर. जुन्या शीटवरील अक्षांश-रेखांश देताना संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस 84 निवडली, तर बिंदूंची चूक अगदी नगण्य येते आणि तरीही संपूर्ण नकाशा आपल्या भागात शंभर मीटरहून थोडा अधिक सरकलेला असतो. त्यासाठी ‘कलियानपूर 1975’ ही संदर्भप्रणाली निवडावी आणि अंतिम नकाशा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या 43 उत्तर विभागात ठेवावा. अवघा खानदेश त्यातच येतो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे नवे खुले शीट डब्ल्यूजीएस 84 वरच असल्यामुळे त्यांना ही अडचण नाही. दोन्ही पिढ्यांचे शीट शेजारी ठेवून काम करणाऱ्याने मात्र प्रत्येकाची समास-टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बसवणूक बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची सोय आपल्याकडे जमिनीवरच आहे. साक्री तालुक्यात पांझरा नदीवरच्या फड बागायतीचे (सामायिक पाटपाण्याच्या पारंपरिक पद्धतीचे) पाट बंधाऱ्यापासून निघून केवळ उताराच्या आधाराने शेतात पाणी नेतात, म्हणून ते समोच्च रेषांना जवळजवळ समांतर धावले पाहिजेत. उपग्रहचित्रात पाटाची हिरवी कड स्पष्ट दिसते. ती कड रेषांना तिरकी छेदत वर चढताना आढळली, तर पाणी उलटे वाहते असे मानण्यापेक्षा थर सरकला आहे किंवा प्रतिमान चुकले आहे, असेच समजावे. प्रणाली चूक म्हणून जो आकडा दाखवते त्यापेक्षा माझा या पाटांवर अधिक विश्वास आहे.

रेषांच्या अचूकतेबाबत मात्र दोष प्रणालीला देता येणार नाही. क्यूजीआयएस 30 मीटर घराच्या प्रतिमानातून एक मीटर अंतराच्या रेषाही निमूटपणे काढून देते, आणि त्या दिसतात तितक्याच खऱ्या वाटतात. परंतु एसआरटीएमच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते, त्याचे उद्दिष्टच 16 मीटरच्या आत राहण्याचे होते. झाडे आणि इमारती यांचे माथेही त्या उंचीत काही प्रमाणात मिसळलेले असतात. सातपुड्याच्या कड्यांवर 20 मीटरच्या रेषा एकमेकींना चिकटून येतात, तिथे हे खपून जाते. यावल-रावेरकडे पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा संपून केळीची सपाट जमीन लागली, की त्याच 20 मीटरच्या रेषा विरळ होत जातात आणि मधल्या मैदानात काय चालले आहे, ते त्या सांगत नाहीत. तिथे बांधाची जागा ठरवायला लेव्हल मशिनच लागते. रेषा गुळगुळीत करणारी आज्ञा उपलब्ध आहे; ती छापील नकाशाच्या देखणेपणासाठी ठीक, मोजमापासाठी नाही.

छपाईत एक तक्रार राहते. मल्टिप्लाय लावलेला नकाशा पीडीएफमध्ये काढताना तो भाग चित्ररूप होतो, त्यामुळे सदिश रेषांचा रेखीवपणा जातो आणि फाइल फुगते. ग्रामसभेत भिंतीवर लावायच्या मोठ्या नकाशासाठी मी 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) ठेवतो आणि सदिश रेषांना कोणताही ब्लेंडिंग मोड देत नाही. देवनागरी गावनावांसाठी अक्षरे बाह्यरेषांच्या रूपात काढण्याचा पर्याय ठेवल्यास जोडाक्षरे मोडत नाहीत. परवान्याचा खर्च शून्य असल्यामुळे तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या कोणालाही मी हीच प्रणाली सुचवीन. मात्र शिकण्यासाठी काही आठवडे हाताशी असावेत, आणि एका वेळी अनेक शीट उघडायचे असतील तर लॅपटॉपची रॅम आठ जीबीपेक्षा कमी नसावी.