किवा : २५ डॉलरचे कर्ज आणि त्यामागचा कारभार

किवा या संकेतस्थळावरून कमीत कमी २५ डॉलर एखाद्या गरजू माणसाला कर्जाऊ देता येतात. देणाऱ्याला त्यावर व्याज मिळत नाही. हप्त्याहप्त्याने परत येणारी रक्कम पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येते किंवा काढून घेता येते. मॅट फ्लॅनरी आणि जेसिका जॅकली यांनी २००५ साली सुरू केलेल्या या अमेरिकी ना-नफा संस्थेची पहिली कर्जे युगांडातील टोरोरो येथील सात लहान व्यावसायिकांना मिळाली आणि त्यांची एकूण रक्कम ३,५०० डॉलर होती. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ही सेवा वापरावी असे मला मनापासून वाटते, पण तिचा कारभार समजून घेऊन.

कर्जदाराच्या पानावर आधी दिसतो तो फोटो, आणि त्याखाली पैसे कशासाठी हवेत याची हकिगत. पुष्कळ जण एवढे वाचून पैसे भरतात. खरी माहिती मात्र पुढच्या तपशिलात असते : कर्जाची मुदत किती, हप्ते दरमहा आहेत की पीक हाती आल्यावर, स्थानिक चलन घसरल्यास तोटा कुणी सोसायचा, कर्जदार व्याज भरतो का, आणि रक्कम त्याच्या हाती कोणत्या तारखेला पडली. ही तारीख बहुधा आपण पैसे भरण्याच्या आधीची असते, कारण तिथल्या भागीदार वित्तसंस्थेने कर्ज अगोदरच दिलेले असते आणि आपले पैसे त्या संस्थेकडची रक्कम भरून काढतात. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी २००९ साली ही बाब ठळकपणे मांडली, तेव्हा बराच गदारोळ झाला आणि किवाला आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलावा लागला. मला ही पद्धत गैर वाटत नाही. पेरणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याने दूरदेशीच्या अनोळखी माणसांच्या सवडीची वाट पाहावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. परंतु यातून एक गोष्ट निघते : आपण प्रत्यक्षात निवडतो ती तिथली भागीदार संस्था, आणि म्हणून फोटोपेक्षा संस्थेची माहिती अधिक बारकाईने वाचायला हवी.

त्या माहितीत पहिल्यांदा पाहावा तो व्याजाचा भार. आपण व्याज घेत नसलो तरी भागीदार संस्था सहसा घेते, आणि लहान रकमांची वसुली गावोगाव फिरून करण्याचा खर्च मोठा असल्यामुळे हा भार वर्षाला ३० टक्क्यांच्या पुढे गेलेलाही आढळतो. बचत गटात शेकडा दोन रुपये महिना हा दर ऐकलेल्या वाचकाला आकडा फार वेगळा वाटणार नाही. फरक असा की गटातले व्याज गटातल्या बायकांच्याच पदरात राहते, आणि इथे ते संस्थेकडे जाते. त्यामुळे एकाच देशातील दोन-तीन संस्थांचे दर शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

कर्जाने गरिबी हटते, असा समजही करून घेऊ नये. अशा लहान कर्जांचा परिणाम तपासणाऱ्या, हैदराबादसह सहा देशांतील प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत घरच्या उत्पन्नात मोठी वाढ सरसकट आढळली नाही, मात्र व्यवसाय वाढवण्याची किंवा खर्च आपल्या सोयीने करण्याची मोकळीक काही प्रमाणात मिळाल्याचे दिसले. हे कमी मोलाचे नाही. तरीही दुकानात माल भरण्यासाठीच्या कर्जापेक्षा शौचालय, नळजोडणी, शिक्षणाची फी किंवा हंगामानंतर फेडायचे शेतीकर्ज मी आधी निवडतो, कारण अशा कामांना लागणारी एकरकमी रक्कम रोजच्या कमाईतून साठवणे कठीण असते.

परतफेडीचे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे थोडी रक्कम बुडणार हे धरूनच चालावे. पैसे भरताना किवाच्या खर्चासाठी वेगळी देणगी सुचवली जाते. ती ऐच्छिक असते आणि शून्य करता येते. व्याजाची कल्पनाच ज्यांना पटत नाही, त्यांना अमेरिकेतील लहान व्यावसायिकांसाठीच्या बिनव्याजी कर्जांत थेट सहभागी होता येते, फक्त तिथला कर्जदार टोरोरोतल्या कर्जदाराइतका गरीब नसतो.